साडूंचे एकतीस हजार मैल

वस्तू वापरली की संपते, हे या विश्वातलं सर्वांत मोठं दुःख आहे आणि ते टाळण्याचा उपाय आपल्या एकट्यालाच सापडला आहे, अशी ज्यांची ठाम समजूत आहे असे गृहस्थ माझ्या पाहण्यात एकच, आणि ते नेमके माझे साडू निघावेत हा माझ्या नशिबाचा भाग. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्या बहिणीला घरात सगळे अक्का म्हणतात म्हणून मीही अक्काच म्हणतो. साडूंना काय म्हणावं हे मात्र वीस वर्षांत ठरलेलं नाही. ते मला ‘साडूभाऊ’ म्हणतात आणि मी त्यांना ‘अहो’ म्हणतो. आम्ही अंबरनाथला, पश्चिमेला, आणि ते बदलापूरला. दोन घरांच्या मध्ये एकसुद्धा स्टेशन नाही, त्यामुळे त्यांच्याकडे जाणं टाळायला मला कधी सबळ कारण मिळालं नाही.

आता आंब्यांचंच घ्या. दर मोसमात साडू एक पेटी आणतात, चांगली पारखून, घासाघीस करून. पेटी उघडली की ते चष्मा चढवतात, प्रत्येक आंबा हातात फिरवून बघतात आणि ज्याला डाग पडलेला आहे तेवढा खायला काढतात. ‘चांगले काय, राहतील. हा आज नाही खाल्ला तर वाया जाईल.’ दुसऱ्या दिवशी उरलेल्यांपैकी दोघांना डाग पडलेला असतो. तिसऱ्या दिवशी चौघांना. असं करत करत उत्तम आंब्यांची अख्खी पेटी, त्यातला एकही उत्तम आंबा तोंडात न जाता, दरवर्षी त्या घरात संपते. दिवे गेले की साडू मेणबत्ती हातात घेऊन बसतात, पण पेटवत नाहीत, कारण ‘येतीलच आता, उगाच कशाला?’ मी स्वतः एकदा त्यांच्याकडे पाऊण तास काळोखात बसून चहा प्यालो आहे आणि बशी समजून त्यांच्या गुडघ्यावर कप ठेवला आहे. कारखान्याकडून दिवाळीला मिळालेलं शर्टाचं कापड त्यांनी अकरा वर्षं कपाटात जपलं आणि मग उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या शिंप्याकडे नेलं. शिंप्याने ते उजेडात धरलं, दोन बोटांनी चोळलं आणि हात जोडून म्हणाला, “साहब, मैं कैंची नहीं लगाऊँगा. इसको म्यूझियम में दो.” साडूंना ही त्या कापडाची स्तुती वाटली. ते कापड पुन्हा कपाटात गेलं.

पण हे सगळं झालं जमिनीवरचं. साडूंच्या गुणांना खरा बहर आला तो ते उडायला लागल्यावर. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते यंत्रदुरुस्तीचे इंजिनीयर. त्यांची यंत्रं देशभरच्या कापडगिरण्यांत बसवलेली, आणि कुठे काही अडलं की साडूंना जावं लागे. ऐंशीच्या दशकात ते वळकटी आणि फिरकीचा तांब्या घेऊन रेल्वेने जात. पुढे नव्वदनंतर खाजगी विमानं सुरू झाली, स्पर्धा वाढली, गिऱ्हाइकाला आज बिघडलेलं यंत्र आजच चालू झालेलं हवं झालं, आणि कारखान्याने नाइलाजाने साडूंना विमानात बसवलं. त्या विमानांची शेपटी पोपटी रंगाची होती. साडूंचा त्या पोपटी शेपटीवर जो जीव जडला तो जडलाच. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं विमान दिल्लीला तासभर आधी पोचत असलं तरी ते ‘आपल्या’ विमानाची वाट बघत बसत.

विमानातून ते जे जे आणता येईल ते आणत. गोळ्या, मिठाच्या आणि मिरपुडीच्या पुड्या, कानात घालायचा कापूस, सुगंधी ओले कागदी रुमाल. या सगळ्याला एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि पाहुणा कोणत्या दर्जाचा आहे यावर त्यातून काय बाहेर निघणार हे ठरे. मला गोळी मिळे. “तीस हजार फुटांवरची आहे, साडूभाऊ. सावकाश चघळा.” एकदा पुरणपोळीचं जेवण झाल्यावर त्यांनी मला आणि माझ्या बायकोला मिळून एक सुगंधी रुमाल दिला आणि अर्धा अर्धा करायला सांगितलं. तो नक्की कुठून फाडायचा हेही त्यांनीच दाखवलं.

मग कंपनीने ती योजना काढली. जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे जमले की दोन तिकिटं फुकट. एक तुमचं, एक घरच्या माणसाचं. वापरायचं नाही, नुसतं साठवत राहायचं आणि त्याचा हिशेब दर तीन महिन्यांनी छापील येणार! ही योजना कोणीतरी माझ्या साडूंना समोर बसवूनच आखली असावी अशी मला अजूनही शंका आहे. पाकीट आलं की ते हातपाय धुऊन बसत आणि पोथी वाचावी तसा तो कागद अक्कांना वाचून दाखवत. “दिल्ली, सातशे. परत, सातशे. कोइमतूर...” अक्का गहू निवडता निवडता मध्येच ‘बरं’ म्हणत.

या अक्कांबद्दल सांगायला हवं. साडूंच्या प्रत्येक दौऱ्याची बॅग त्या भरत. इस्त्रीचे कपडे, पोटाच्या गोळ्या, दशम्या, लसणीची चटणी. स्वतः मात्र लग्नानंतर नाशिकच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यात नवऱ्याकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही, पण विमानाचं त्यांनी मागितलं होतं. आमच्यादेखत मागितलं होतं. “मला एकदा ढग वरून बघायचेत. खालून बघून बघून मान दुखली.” साडू म्हणाले, “नेणारच आहे. तुझ्यासाठीच तर साठवतोय.” आणि ते खरंच अक्कांसाठीच साठवत होते, यात मला तिळमात्र शंका नाही.

दहा हजार मैल झाले, तेव्हा गोवा, औरंगाबाद, अहमदाबाद असं जवळपासचं मिळत होतं. साडू म्हणाले, “गोव्याला काय, एसटीपण जाते.” वीस हजार झाले, तेव्हा दिल्ली-कलकत्ता मिळत होतं. साडू म्हणाले, “पस्तीस हजाराला गुवाहाटी आहे. तिकिटं दोनच, पण बसायला मिळतं दुप्पट. थोडी कळ काढ.” अक्का कळ काढत राहिल्या. भिंतीवरच्या शाळेच्या नकाशात गुवाहाटी कुठे आहे ते त्यांनी मला एकदा बोट ठेवून दाखवलं होतं. साडूंचा आकडा एकतीस हजार चारशेवर पोचला होता. आणखी तीन खेपा, बस.

त्याच सुमाराला पोपटी शेपटीचं काही खरं नाही अशा बातम्या यायला लागल्या. आधी विमानात गरम ऑम्लेट मिळे, त्याचं सँडविच झालं. सँडविचची दोन बिस्किटं झाली. बिस्किटांचं काय झालं तर नुसता नमस्कार झाला. गोळ्यांची तबकं फिरेनाशी झाली. कोणाही माणसाला यावरून समजायचं ते समजलं असतं. पण साडूंना उलट आनंदाचं भरतं आलं. “शहाणी माणसं आहेत, साडूभाऊ! उधळपट्टी बंद केली. आता ही कंपनी शंभर वर्षं टिकते बघा.” आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्यासारखं वागणारं कोणी भेटलं होतं. तेल कंपन्या रोख पैसे घेतल्याशिवाय विमानाची टाकी भरू देत नाहीत, असं मी पेपरात वाचून त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “बरोबरच आहे. मीसुद्धा उधार देत नाही.”

शेवटी त्यांचे डोळे उघडले ते कॅम्प तीनमध्ये. त्यांच्या कारखान्याची तिकिटं काढणारा एक सिंधी शेठ तिथे बसतो. जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मध्ये चिंचोळं दुकान, वरून सतत मशिनांची घरघर. मी पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो आणि साडू पुढच्या दौऱ्याचं तिकीट सांगायला आले होते, म्हणून आम्ही एका शेअर रिक्षातून बरोबरच गेलो. शेठ म्हणाला, या वेळी दुसऱ्या कंपनीचं तिकीट घ्या. साडू दुखावले. छाती पुढे काढून म्हणाले, “नहीं नहीं, वही चाहिए. मेरे पास एकतीस हजार मैल जमा है!”

साडूंच्या हिंदीत ‘मैल’ म्हणजे अंतर. शेठच्या हिंदीत मैल म्हणजे अंगावरचा मळ. तो क्षणभर साडूंच्या मानेकडे बघत राहिला. मग साडूंनी पाकिटातून ते कार्ड काढून दाखवलं तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो इतका हसला की वरची मशिनं थांबली असतील. हसून झाल्यावर तो पुढे वाकला आणि अगदी काळजीने म्हणाला, “साईं, मैल है तो आज के आज धो डालो. नलके का पानी जाने वाला है.”

उल्हासनगरात पाणी जाणार म्हणजे काय, हे आमच्या बाजूच्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. परतीच्या रिक्षात साडू ते कार्ड पुन्हा पुन्हा काढून बघत होते.

तरी ते हलेनात. दुसऱ्या दिवशी आम्ही बदलापूरला गेलो तर म्हणाले, “पितृपक्ष चालू आहे. अशा दिवसांत नवीन काही करू नये. घट बसले की बघू.” साडू एरवी देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. तिथी बघतात, नैवेद्य दाखवतात, उपास करतात त्या अक्का. त्यांनी पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, “मामंजी आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. सून बसली तर ते काही कावळा व्हायचं थांबणार नाहीत.” त्यांच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी बायको माझ्याकडे वळली. “तुम्ही उद्या रजा टाका आणि ह्यांच्याबरोबर जा. नाहीतर हे तिथे जाऊन पस्तीस हजाराची चौकशी करून परत येतील.”

असे साडू, अक्का आणि मी, आम्ही तिघं मुंबईला त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे आधीच पन्नासेक माणसं तीच कार्डं हातात घेऊन उभी होती. निम्मे दिवे बंद, पंखे फिरत होते तेवढेच. दोन तासांनी आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि विचारलं, “सर, मिस्टर साऊ साथ में आए हैं?”

साडूंनी मागे वळून बघितलं. मीही बघितलं. “कौन साऊ?”

“आपके फॅमिली मेंबर. मिस्टर साऊ सुमन. दूसरा टिकट उन्हीं के नाम पे निकलेगा.”

आता अक्कांचं नाव सुमन. साडूंनी योजनेचा फॉर्म भरताना घरच्या माणसाच्या रकान्यात, लग्नपत्रिकेपासून वीजबिलापर्यंत आपण जसं लिहितो तसं, इंग्रजीत ‘सौ. सुमन’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि सौ. लिहिल्यावर आणखी बिरुद कशाला म्हणून मिस्टर-मिसेसचा चौकोन रिकामा सोडला होता. कॉम्प्युटरने ‘सौ’चा साऊ केला, तो कलकत्त्याकडचा कोणी असावा असं धरलं, आणि रिकाम्या चौकोनात स्वतःच्या पदरचा मिस्टर घातला. गेली दीड वर्षं माझे साडू या मिस्टर साऊंसाठी मैल साठवत होते.

“अहो, साऊ नाही हो! सौ.! सौभाग्यवती!” साडू ओरडले.

“अय्या, सौ. होय!” ती मुलगी मराठीच निघाली, डोंबिवलीची. तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग एकदम गंभीर झाली. “पण काका, नाव जुळत नाही. साहेबांची सही लागेल.”

साहेब दिल्लीकडचा होता. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन त्याचा चेहरा उतरला होता. त्याने पडद्यावर बघितलं आणि थकल्या आवाजात विचारलं, “ये सौ क्या है? हंड्रेड?”

“नहीं सर. सौ मतलब मैं जिंदा हूँ,” साडू म्हणाले.

साहेबाने मान वर केली. “आप जिंदा हैं, तो इनके नाम में सौ है?”

“हाँ.”

“और आप नहीं रहे तो?”

“तो श्रीमती.”

साहेबाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, जिच्यावर हे सौ लिहिलंय अशी एखादी वस्तू दाखवा. रेशनकार्ड? रेशनकार्ड घरी कपाटात, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. बाहेर काढलं तर घडीवर फाटतं. साडूंनी सगळे खिसे चाचपले. मागची रांग कुरकुरायला लागली. एवढ्यात अक्कांनी पिशवीतून पोळी-भाजीचा स्टीलचा डबा काढला आणि काउंटरवर उलटा करून ठेवला. त्यांच्या वास्तुशांतीला आम्ही दिलेला डबा तो. भांड्याच्या दुकानात मशिनने टिंबाटिंबांनी नाव घालून देतात, तसं त्यावर घातलेलं होतं: ‘सौ. सुमन हिस, धाकट्या बहिणीकडून.’ साहेबाने चष्मा सरकवून ते मोठ्याने वाचलं, एकदा अक्कांकडे बघितलं आणि सही केली.

“गुवाहाटी द्या,” साडू म्हणाले.

“गुवाहाटी बंद झालं, काका.”

“कलकत्ता?”

“तेही बंद. दिल्ली भरलीय. औरंगाबाद आहे परवा सकाळी, दोनच सीट आहेत. परतीचं लिहून देते, पण खरं सांगू का, त्या दिवशी विमान येईल की नाही ते मलाच माहीत नाही.”

साडूंचा चेहरा पडला. “औरंगाबाद दहा हजारात बसतं. माझे एकतीस आहेत! बाकीच्यांचं काय?” आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्यांनी काउंटरवरचं कार्ड उचललं. ते कार्ड खिशात गेलं असतं तर अक्का काही विमानात बसत नव्हत्या, हे त्यांनाही कळत होतं, पण हात ऐकत नव्हता. चांगले मैल ठेवावेत की खावेत, असा तो पेच होता.

“अहो,” अक्का म्हणाल्या, “औरंगाबादला ढग नसतात का?”

साडूंनी कार्ड परत खाली ठेवलं.

मुलगी हाताने तिकिटं लिहीत होती तेव्हा अक्कांनी तिला विचारलं, “तुझा पगार होतो का गं वेळेवर?” ती मान वर न करता म्हणाली, “तीन महिने नाही झाला, काकू.” अक्कांनी डबा सरळ केला, पोळ्या आणि मेथीची भाजी काउंटरवरच्या गोळ्यांच्या रिकाम्या तबकात काढली आणि मगच तिकिटं हातात घेतली. साडूंनी रिकामा डबा पिशवीत ठेवला.

त्यानंतर पाचव्या दिवशी आम्ही बदलापूरला गेलो. जातानाचं विमान वेळेवर सुटलं होतं, परतीचं आलंच नव्हतं, आणि दोघं वेरूळ बघून एसटीने हाडं खिळखिळी करून घेऊन परत आले होते. त्याच आठवड्यात पोपटी शेपटी कायमची जमिनीवर बसली. साडूंचे एकवीस हजार चारशे मैल गेले ते गेलेच. मी त्यांचं सांत्वन करायच्या तयारीने गेलो होतो, थोडी गंमत करायच्याही. पण अक्काच बोलत होत्या, वीस वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं बोलत होत्या. विमान वर चढताना पोटात कसा खड्डा पडला, ढग खालून कापसासारखे दिसतात पण वरून नांगरलेल्या शेतासारखे दिसतात, आणि त्यांच्यावर आपल्याच विमानाची छोटी सावली पळत असते. “पाऊण तासात खाली उतरलं. मी म्हटलं, संपलं पण?”

“तुम्हाला काय, नेहमीचंच,” मी साडूंना म्हणालो.

साडू जमिनीकडे बघत होते. “दोन वर्षं उडतोय, साडूभाऊ. दर वेळी खिडकी मागून घ्यायचो आणि मैलांचे कागद तपासत बसायचो. ढग कसे असतात ते मी तरी कुठे बघितलेत? या खेपेलाही नाही बघितले. ही खिडकीतून बघत होती आणि मी हिच्याकडे बघत होतो.” एवढं बोलून ते इतके लाजले की उठून स्वतःच चहा ठेवायला गेले. चहापत्ती कुठे असते ते त्यांना सापडेना.

माझी बायको अक्कांजवळ कोथिंबीर निवडत बसली होती. तिने हातातली काडी तशीच धरून विचारलं, “अक्का, वरून आपलं अंबरनाथ दिसतं का गं?”

“दिसलं असेल. मला कुठलं ओळखू येतंय! तू बसशील तेव्हा नीट बघ.”

ही हसली आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. परत येताना स्टेशनपासून घरापर्यंत ती वर आभाळाकडे बघत चालत होती. भाजीवाल्यापाशी थांबून तेवढी लिंबं घेतली. फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाली, “चाळीस-पन्नासच माणसं बसतात म्हणे त्या विमानात.” मी हो म्हणालो. वीस वर्षं मी या माणसाला हसत आलो, त्याचे आंबे, त्याच्या मेणबत्त्या, त्याचे मैल चारचौघांत रंगवून सांगत आलो. त्या वीस वर्षांत हिला कुठे जायचंय, काय बघायचंय, हे मी तिला एकदाही विचारलेलं नव्हतं. साडूंनी निदान बायकोच्या नावाने काहीतरी साठवलं तरी होतं.